‘स्वीप’चे सगळे अर्थ एका खराट्यात कसे बसवायचे

परवा संध्याकाळी शेजारच्या काकू मोबाईल घेऊन धावतच आल्या, चेहरा पार उतरलेला. बँकेचा मेसेज होता, सेव्हिंग खात्यातून पंचवीस हजार ‘स्वीप आउट’ झाले म्हणून. काकूंना स्वीप म्हणजे झाडू मारणं एवढंच ठाऊक, त्यामुळे त्यांनी सरळ अर्थ लावला की कोणीतरी आपलं खातं झाडून नेलं. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, मेसेज नीट वाचला, पैसे त्यांच्याच नावाच्या एफडीत गेले होते. तेवढ्यात आतून पुतण्या टीव्हीसमोर ओरडतोय, “अरे स्वीप मार ना, स्वीप!” आणि समोरच्या बाई, त्या झेडपीच्या शाळेत शिकवतात, निवडणूक तोंडावर आलेली, त्या दारातूनच सांगून गेल्या की उद्या स्वीपची रॅली आहे, सकाळी लवकर निघायचंय. एकाच मजल्यावर एका संध्याकाळी तीन स्वीप आणि तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं वाटावं.

मी बरीच वर्षं घरीच स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते आणि या शब्दावर मुलं, मोठी माणसं, सगळेच अडकताना बघितलेत. डिक्शनरी उघडली तर पंधरा-वीस अर्थ एकाखाली एक, ते पाठ करायचे आणि चार दिवसांत विसरायचे. माझं म्हणणं असं आहे की पाठ करायची गरजच नाही. आपल्या अंगणातला खराटा डोळ्यासमोर आणा, सगळे अर्थ त्यातूनच निघतात. कसं ते सांगते.

आधी घरातला अर्थ पक्का करा

स्वीप म्हणजे केर काढणं, कचरा काढणं, झाडू मारणं, झाडलोट, तुमच्याकडे जे म्हणतात ते. फरशी पुसणं किंवा लादी पुसणं म्हणजे मॉप करणं, ते वेगळं. फर्निचरवरची धूळ पुसणं म्हणजे डस्टिंग. हे तीन जण एकमेकांत मिसळू नका, कारण परदेशात मुलाकडे गेलेल्या कितीतरी आया ‘आय क्लीन्ड द फ्लोअर’वरच काम भागवतात, चालतं, पण ‘आय स्वेप्ट अँड मॉप्ड’ म्हटलं की झाडून-पुसून दोन्ही झालं हे समोरच्याला लगेच कळतं.

भूतकाळ स्वेप्ट. स्वीप्ड नाही. स्लीप-स्लेप्ट, कीप-केप्ट, वीप-वेप्ट, क्रीप-क्रेप्ट याच घराण्यातला आहे हा. हे पाच एकदा मोठ्यानं एका दमात म्हणा, जिभेला वळण लागलं की परत चुकत नाही.

आणि स्वीप वेगळा, स्वाइप वेगळा. कार्ड मशीनवर घासायचं किंवा मोबाईलच्या स्क्रीनवरून बोट सरकवायचं ते स्वाइप. दोन्हीत काहीतरी सरकतं म्हणून गोंधळ होतो. स्वाइप म्हणजे एकच झटका, सर्रकन. स्वीप म्हणजे लांब, रुंद, सगळ्यावरून फिरणारी हालचाल.

आता एक बारीक गोष्ट सांगते जी पुढे फार उपयोगी पडणार आहे. मराठीत आपण घर झाडतो आणि केर काढतो. घर काढत नाही आणि केर झाडला असंही सहसा म्हणत नाही. म्हणजे जागेसाठी एक क्रियापद, कचऱ्यासाठी दुसरं. इंग्रजीत दोन्हीकडे स्वीपच. ‘स्वीप द फ्लोअर’, इथे फरशी जागेवरच राहते. ‘स्वीप अवे द लीव्ह्ज’, इथे पानं जागा सोडून जातात. म्हणून स्वीप दिसला की आधी बघायचं, त्याच्या पुढे आलेली वस्तू जागा आहे की केर आहे. वादळानं किनारा स्वीप केला असं वाचलं तर किनारा कुठे गेलेला नाही, वादळ त्याच्यावरून फिरून गेलं. पण पुरानं पूल स्वीप अवे केला म्हणजे पूल गेला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा मुंबई-गोवा हायवेचा जुना ब्रिटिशकालीन पूल गेला, दोन एसटी बस त्यात गेल्या, त्या बातमीत मराठी पेपरांनी वाहून गेला लिहिलं आणि इंग्रजी पेपरांनी स्वेप्ट अवे. शब्द तोच झाडूचा, आणि ती बातमी आठवली की त्या अवे या छोट्याशा शब्दाचं वजन कळतं.

आता खराट्याकडे या

नारळाच्या हिरांचा खराटा घेऊन कोणीतरी सकाळी अंगण झाडतंय असं चित्र आणा डोळ्यासमोर. मातीवर अर्धगोल रेघा उमटत जातात, एकाशेजारी एक, माशाच्या खवल्यांसारख्या. यात तीन गोष्टी दिसतात. हात मोठ्या अर्धगोलात फिरतो. मधला तुकडा सुटत नाही. आणि वाटेत येईल ते सगळं, पान असो काडी असो की पोराची हरवलेली गोटी असो, खराटा पुढे ढकलत नेतो. स्वीपचा कुठलाही अर्थ घ्या, या तिघांपैकी एकातून आलेला असतो, कधी दोघांतून.

म्हणून वाक्य समोर आलं की स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. इथे खराटा कोण? अंगण कुठलं? आणि केर कोणता, की केर नाहीचे? बास. मी मुलांना वहीत हे तीन रकाने आखायला लावते आणि आठवड्याभरात ती मुलं डिक्शनरी न उघडता अर्थ लावायला लागतात.

क्रिकेटपासून सुरू करू, कारण तिथे खराटा डोळ्याला दिसतो. स्पिनर टाकतोय, बॅट्समन पुढचा पाय टाकून मागचा गुडघा जमिनीला टेकवतो आणि बॅट आडवी करून जमिनीलगत अर्धगोलात फिरवतो, बॉल स्क्वेअर लेग किंवा फाइन लेगकडे. खराटा बॅट, अंगण पिच, केर बॉल, तिन्ही रकाने भरले. त्यावरून मग त्याची भावंडं. स्लॉग स्वीप म्हणजे तोच पण जोरात उचलून मिडविकेटवरून. पॅडल स्वीप म्हणजे बॅट नुसती लावून मागे ढकलणं. रिव्हर्स स्वीप म्हणजे झाडायची दिशाच उलटी, ऑफ साइडला.

आणि १९८७ चा वर्ल्ड कप ज्यांनी बघितलाय त्यांना हा शब्द समजावायची गरजच नाही. ५ नोव्हेंबर, वानखेडे, सेमीफायनल, इंग्लंडचा ग्रॅहम गूच. मॅचच्या आधी नेटमध्ये त्यानं लेफ्ट आर्म स्पिनवर स्वीपचीच तयारी केली होती आणि मनिंदर सिंग आणि रवी शास्त्रीला तो गुडघा टेकून टेकून झाडत राहिला, ११५ रन, आपण ३५ रननी हरलो आणि सुनील गावसकरांची ती शेवटची वनडे ठरली. माझे बाबा त्या मॅचबद्दल बोलताना अजूनही हातानं तो अर्धगोल काढून दाखवतात. मग तीनच दिवसांनी, ८ नोव्हेंबरला कोलकात्याला ईडन गार्डन्सवर फायनल, ऑस्ट्रेलियाचे २५३, इंग्लंड व्यवस्थित चाललेलं, आणि कॅप्टन माइक गॅटिंगनं ॲलन बॉर्डरच्या पहिल्याच बॉलला रिव्हर्स स्वीप केला, बॉल वरची कड घेऊन खांद्याला लागून कीपरच्या हातात. इंग्लंड ७ रननी हरलं. एकाच टीमला एका आठवड्यात सरळ झाडूनं फायनलला नेलं आणि उलट्या झाडूनं कप घालवला, आणि रिव्हर्स स्वीप हा शब्द त्या दिवशी मॅच बघणाऱ्या घराघरात पोचला.

फिल्डिंगमध्येही स्वीपर असतो, बाउंड्रीवर लांब उभा राहून इकडून तिकडे पळत सुटलेले बॉल गोळा करणारा. फुटबॉलमध्येही स्वीपर, बाकीच्या डिफेंडरच्या मागे राहून जे निसटेल ते साफ करणारा, जर्मनीचा फ्रांझ बेकेनबाउअर यातला सगळ्यात मोठा माणूस, १९७४ ला वेस्ट जर्मनी त्याच्याच कॅप्टन्सीखाली वर्ल्ड कप जिंकलं. दोन्हीकडे अंगण मैदानाचा मागचा पट्टा आणि केर म्हणजे निसटलेला बॉल.

इंजिनिअरिंगची पोरं असतील तर त्यांना दोन स्वीप आणखी भेटतात. कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्वीप कमांड, एक आकार घ्यायचा, एक वाट द्यायची, तो आकार त्या वाटेवरून फिरवला की पाइप किंवा रेलिंग तयार होतं, म्हणजे खराट्याची नुसती रेघ घेतली, केर काही नाही. आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये फ्रिक्वेन्सी स्वीप, खालच्या फ्रिक्वेन्सीपासून वरच्यापर्यंत मधली एकही न सोडता जायचं. इथे महत्त्वाचं ते ‘न सोडता’.

‘झाडून सगळे’ हा आपला खजिना

खराट्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या गोष्टीकडे येताना मला दरवेळी आनंद होतो, कारण इथे मराठी माणसाला इंग्रजी शिकायला आयती शिडी मिळालीये आणि कोणी ती दाखवत नाही. आपण म्हणतो, लग्नाला झाडून सगळे आले. म्हणजे एकही मागे राहिला नाही. झाडूचा काहीही संबंध नसताना आपण झाडून म्हणतो, आणि इंग्रज माणूस नेमका याच अर्थी क्लीन स्वीप म्हणतो. तीनपैकी तीन मॅच, झाडून सगळ्या. आपल्यालाच तो बसला २०२४ ला, न्यूझीलंडनं बंगळुरू, मग पुणे, मग मुंबई अशा तिन्ही टेस्ट आपल्याच घरी येऊन जिंकल्या, ३-०. यालाच व्हाइटवॉशही म्हणतात, तो चुना लावण्यातला शब्द, तोही साफसफाईच्याच घरातला, सगळी भिंत एका रंगात. फरक एवढाच की स्वीप जिंकणाऱ्याच्या बाजूनं बोलताना जास्त येतो, आणि व्हाइटवॉश म्हटलं की हरणाऱ्याची अवस्था आधी आठवते.

निवडणुकीतही तसंच. २०१५ ला दिल्लीत आम आदमी पार्टीनं ७० पैकी ६७ जागा जिंकल्या आणि त्यांचं चिन्हच झाडू, त्यामुळे स्वीप हा शब्द हेडलाइन लिहिणाऱ्याच्या हातात आयता पडला. ‘स्वेप्ट टु पॉवर’, ‘स्वेप्ट द पोल्स’, अवॉर्ड फंक्शनच्या बातमीत ‘स्वेप्ट द अवॉर्ड्स’, सगळ्यात एकच, झाडून सगळं यांच्या पदरात.

मात्र समोरच्या बाईंची स्वीपची रॅली यात बसत नाही हं, ती वेगळी. ते निवडणूक आयोगाच्या मतदार जागृती कार्यक्रमाचं आद्याक्षरांवरून केलेलं नाव आहे, सिस्टिमॅटिक व्होटर्स एज्युकेशन अँड इलेक्टोरल पार्टिसिपेशन, स्पेलिंगमध्येही डब्ल्यूच्या जागी व्ही येतो. आपल्या पेपरात ‘स्वीप उपक्रमांतर्गत’ असं वाचलं की झाडू शोधू नका.

दुसरा आयता शब्द झाडाझडती. पोलिसांनी वाड्याची झाडाझडती घेतली, कपाटं, माळा, गाद्या, काही सोडलं नाही. इंग्रजीत ‘पोलीस स्वेप्ट द बिल्डिंग’. मोठा नेता यायच्या आधी कुत्रा घेऊन बॉम्ब स्क्वाड सभेची जागा बघतं, तेही स्वीप, आणि तिथे एक छोटा फॉर लागतो, ‘स्वेप्ट द हॉल फॉर बॉम्ब्स’. फॉरच्या पुढे जे शोधतोय ते. हा फॉर विसरलात तर वाक्य हॉलमधून बॉम्ब झाडून काढल्यासारखं होतं, म्हणून तो घट्ट धरा. आपल्या बातम्यांत यालाच कोम्बिंग ऑपरेशन म्हणतात, तिथे झाडूच्या जागी कंगवा, कल्पना तीच, दात बारीक.

समुद्रात पेरलेले सुरुंग काढणाऱ्या जहाजाला माइनस्वीपर म्हणतात. जहाज मागे लांबच्या लांब तारेचा दोर ओढत जातं, त्याला कटर लावलेले असतात, पाण्याखाली सुरुंग ज्या साखळीनं बांधलेला असतो ती कापली जाते आणि सुरुंग वर येतो, मग तो लांबून उडवतात. तो दोर म्हणजे अगदी खराटाच. नव्वदच्या दशकात ज्यांनी ऑफिसात किंवा कॉम्प्युटर क्लासात विंडोजवर तो चौकटींचा गेम खेळला असेल, १९९२ च्या विंडोज ३.१ सोबत यायला लागला होता, त्याचं नाव याच जहाजावरून.

स्वीपस्टेक्स हा शब्द तुम्हाला बहुतेक फसव्या मेसेजमध्येच भेटेल. स्टेक म्हणजे पैजेत लावलेली रक्कम, सगळ्यांनी लावलेले पैसे एकजण झाडून नेतो तो खेळ. तुम्ही तिकीट काढलेलं नसताना स्वीपस्टेक्स जिंकल्याचा मेसेज आला तर त्यात झाडून जाणार आहे ते तुमचंच खातं, लिंक दाबू नका.

काकूंची बँक

यावर थोडं जास्त लिहिते कारण इथे शब्दाच्या अर्थावर पैसे अवलंबून आहेत आणि काकूंसारखे घाबरणारे खूप आहेत, विशेषतः ज्येष्ठ मंडळी.

ऑटो स्वीप म्हणजे तुम्ही बँकेला सांगून ठेवायचं की सेव्हिंगमध्ये अमुक रकमेच्या वर पैसे साचले की वरचे आपोआप एफडीत टाका. समजा मर्यादा पन्नास हजार ठरलीये आणि खात्यात पंच्याहत्तर हजार झाले, तर वरचे पंचवीस हजार झाडून एफडीत जातील, तिथे व्याज सेव्हिंगपेक्षा सहसा जास्त मिळतं. खराटा बँकेची सिस्टीम, अंगण तुमचं सेव्हिंग खातं, केर म्हणजे मर्यादेवरची रक्कम. पुढे चेक आला किंवा एटीएममधून जास्त काढायचे झाले आणि सेव्हिंगमध्ये कमी पडले तर तेवढी एफडी मोडून पैसे परत येतात, त्याला काही ठिकाणी रिव्हर्स स्वीप म्हणतात, गॅटिंगचा नाही, दिशा उलटी म्हणून नाव तेच.

घोळ स्वीप इन आणि स्वीप आउट या दोन नावांचा आहे. इन म्हणजे आत, पण कशाच्या आत? काही बँका एफडीतून सेव्हिंगमध्ये पैसे येण्याला स्वीप इन म्हणतात, काही ठिकाणी सगळ्या सोयीलाच ते नाव असतं. म्हणून काउंटरवर गेल्यावर नाव विचारूच नका, सरळ मराठीत विचारा की पैसे कुठून कुठे जाणार, किती रकमेच्या वर जाणार, किती पटीत जाणार, आणि मध्येच मोडलं तर व्याज किती दिवसांचं मिळणार, काही कापणार का. हे चार प्रश्न काकूंनी दुसऱ्या दिवशी कागदावर लिहून नेले, मी सोबत गेले होते. ज्यांनी खातं उघडताना फॉर्मवर टिक करून घेतली त्यांनी हे एकदाही सांगितलं नव्हतं, आणि मला याचा मनापासून राग येतो, मराठीत दोन वाक्यं बोलायला काय लागतं हो, त्या बाईची रात्रीची झोप गेली असती.

सरसकट

स्वीपिंग असं विशेषण झालं की मराठीत त्याला एक नेमका शब्द आहे, सरसकट. स्वीपिंग स्टेटमेंट म्हणजे सरसकट विधान. “हल्लीची मुलं वाचतच नाहीत”, हे स्वीपिंग स्टेटमेंट, कारण खराटा असा फिरवला की वाचणारी मुलंही केरात गेली. इथे शब्दात टीका आहे, म्हणजे तुम्ही कोणाला म्हणालात की हे स्वीपिंग स्टेटमेंट आहे तर त्याचा अर्थ तुम्ही विचार न करता बोललात. इंटरव्ह्यूत कोणी हे म्हटलं तर स्तुती समजून थँक यू म्हणू नका, माझ्या एका विद्यार्थ्याचं तसं झालंय. पण स्वीपिंग चेंजेस, स्वीपिंग रिफॉर्म्स म्हटलं तर टीका नाही, तिथे मोठे, सगळीकडे पोचणारे बदल एवढंच. आणि स्वीपिंग व्ह्यू म्हणजे सज्जनगडावर उभं राहिल्यावर नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जशी फिरते तसं दिसणं, तिथे खराटा तुमचे डोळे.

जिथे मराठी आणि इंग्रजी वाटा वेगळ्या होतात

झाडणे आणि स्वीप इतके जवळचे आहेत की माणूस मग सगळीकडेच एकाला दुसरा लावायला जातो, आणि तिथे पाय घसरतो. साहेबांनी मला झाडलं, याचं ‘द बॉस स्वेप्ट मी’ होत नाही, कधीच नाही, ते स्कोल्ड. गोळ्या झाडल्या म्हणजे फायर. हात झाडून मोकळा झाला याला तर इंग्रजीत पाणी लागतं, वॉश युअर हँड्स ऑफ, आपण हात कोरडेच झाडतो. झाडाचं पान झडणं, अंगावरची धूळ झटकणं, हेही स्वीपमध्ये येत नाही. झटकणं म्हणजे ब्रश ऑफ.

उलट बाजूनं सगळ्यात फसवं वाक्य म्हणजे ‘ही स्वेप्ट मी ऑफ माय फीट’. क्लासमध्ये दहापैकी नऊ जण म्हणतात, पायाखालची जमीन सरकली. नाही! जमीन सरकते ती वाईट बातमी ऐकल्यावर. हे प्रेमातलं वाक्य आहे, लाटेनं उचलून न्यावं तसं त्यानं मला भारावून टाकलं, मी पार वाहवत गेले. खराटा तो, केर मी, आणि केराला वाहून जायला आवडतंय असं एकमेव वाक्य हेच असेल.

‘स्वीप इट अंडर द कार्पेट’ म्हणजे केर भरून बाहेर टाकायच्या ऐवजी गालिच्याखाली सारला, चूक लपवली. आपल्या घरात गालिचे कुठे होते, त्यामुळे आपण पांघरूण घातलं म्हणतो. आणि त्याहून सुंदर शब्द आहे, सारवासारव. तोही सफाईतलाच, शेणानं जमीन सारवताना खड्डे-भेगा बुजून वरून सगळं एकसारखं दिसतं ना, त्यावरून. फक्त बारकावा लक्षात ठेवा, कार्पेटखाली सारलेली गोष्ट अजून कोणाला कळलेली नसते, सारवासारव मात्र कळल्यावर, तोंडातून शब्द निसटल्यावर करतात. म्हणून भाषांतर करताना एकाच्या जागी दुसरा डोळे मिटून ठेवू नका. तसंच ‘अ न्यू ब्रूम स्वीप्स क्लीन’, नवा साहेब आला की सगळं बदलतो, याला पुष्कळ पुस्तकांत नव्याचे नऊ दिवस लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. आपली म्हण उत्साह ओसरण्याबद्दल आहे, त्यांची उत्साहाच्या जोराबद्दल. अर्धीच जुळते.

माणसाला हा शब्द लावताना

आपल्याकडे इंग्रजीत स्वीपर म्हटलं की फक्त काम सांगितलं जात नाही, त्या माणसाची जातही सांगितल्यासारखी होते, पिढ्यानपिढ्या ते काम विशिष्ट समाजांवर लादलेलं होतं म्हणून. त्यामुळे मी क्लासमध्ये स्पष्ट सांगते, सोसायटीत झाडायला येणाऱ्या मावशींची ओळख करून देताना ‘अवर स्वीपर’ म्हणू नका, त्यांचं नाव सांगा, कामाचं नाव लागलंच तर सफाई कर्मचारी, सॅनिटेशन वर्कर, परदेशात क्लीनर. यंत्राला आणि फिल्डरला स्वीपर खुशाल म्हणा.

इंग्लंडमध्येही या शब्दामागे दुःख आहे. चिमणी स्वीप म्हणजे धुराड्यातली काजळी काढणारा, आणि एक काळ असा होता की अरुंद धुराड्यात शिरायला लहान लहान पोरं वापरायचे. १७७५ ला लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी दाखवलं की या मुलांना मोठेपणी एक विशिष्ट कॅन्सर होतो आणि त्याचं कारण अंगावर बसलेली काजळी आहे, कामामुळे होणारा कॅन्सर असा ओळखला गेल्याची ती पहिली नोंद मानतात. तरी कायदे कागदावरच राहिले आणि पोरांना धुराड्यात घालणं खऱ्या अर्थानं थांबायला १८७५ चा कायदा यावा लागला, शंभर वर्षं. म्हणून ‘अ स्वीप’ असं नाम दिसलं आणि जुनी गोष्ट चालू असेल तर तिथे हालचाल नसून माणूस असतो, बहुतेक वेळा मूल.

आणि आपल्याकडे तोच झाडू हातात घेऊन गाडगेबाबा गावोगाव फिरले, दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तनातून माणसांची डोकी. दिवाळीला लक्ष्मीपूजनात नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात, तिला लक्ष्मीच म्हणतात, पाय लागला तर नमस्कार करतात. कोणी परदेशी माणसानं विचारलं की यू वर्शिप अ ब्रूम, तर हे सगळं सांगता यायला पाहिजे इंग्रजीत, मी तर हाच विषय बोलायला देते आणि एरवी गप्प बसणाऱ्या बायका त्यावर पाच-पाच मिनिटं बोलतात.

आता तुम्ही करा

वहीत तीन रकाने आखा, खराटा, अंगण, केर. रोज एक इंग्रजी बातमी किंवा कॉमेंट्रीतलं एक वाक्य घ्या जिथे स्वीप आलाय आणि रकाने भरा. एखादा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या, तो रिकामा आहे हेच उत्तर असतं. सुरुवातीला ही घ्या.

‘अ फायर स्वेप्ट थ्रू द मार्केट.’ खराटा आग, अंगण मार्केट, थ्रू आहे म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

‘अ रूमर स्वेप्ट द व्हिलेज.’ खराटा अफवा, अंगण गाव, केर नाही. मराठीत करताना झाडू विसरा आणि म्हणा, गावभर अफवा पसरली.

‘शी स्वेप्ट इन्टू द रूम.’ हे अवघड आहे, थांबून विचार करा. इथे ती स्वतःच खराटा, लांब पदर किंवा घोळदार झगा जमिनीवरून फिरवत, कोणाकडे न बघता तोऱ्यात आत आली. चालणं झालं, पण त्यात रुबाब आहे.

‘हर ऑब्जेक्शन्स वेअर स्वेप्ट असाइड.’ तिचे आक्षेप केर ठरवून बाजूला सारले, ऐकूनच घेतले नाहीत. मीटिंगच्या रिपोर्टमध्ये हे वाक्य दिसलं की समजायचं कोणावर तरी अन्याय झालाय.

‘द सेकंड हँड स्वेप्ट राउंड द डायल.’ हे तुम्ही भरा. घड्याळ समोर ठेवा, सेकंदकाट्याकडे अर्धा मिनिट बघा आणि मग लिहा.

काकूंनी यातली पहिली चार स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून सोडवली. पाचव्याला त्या म्हणाल्या, खराटा काटा, अंगण तबकडी, आणि केर म्हणजे आपला वेळ. रकान्यात तसं येत नाही खरं तर, पण मी ते खोडलं नाही.